जोत्याखालचे दगड

घर पाहायला आलेला माणूस आधी दाराकडे पाहतो, मग छपराकडे, मग ओटीवरच्या खुर्च्यांकडे. जोत्याकडे पाहणारा माणूस एक तर गवंडी असतो किंवा कर्ज देणारा. आमच्या घराच्या जोत्याकडे मात्र २००५ सालानंतर येणारा-जाणारा प्रत्येक जण पाहू लागला आणि त्या पाहण्याने मी हैराण झालो. त्याचीच ही हकिगत आहे.

आमचे घर वसईच्या पश्चिम पट्ट्यात, वाडीत, बावखलाच्या काठी आहे. जे तरुण वाचक इमारतींतच वाढले त्यांच्यासाठी सांगतो, की बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे आणि भोवतालच्या विहिरींना उन्हाळ्यात पुरवठा करी. समुद्र इतका जवळ असूनही केळीला गोडे पाणी मिळे ते या बावखलांच्या कृपेने. आजोबांनी १९३८ साली घर बांधायला काढले, तेव्हा बावखलाच्या काठची माती उपसून घराच्या जागेवर भर घातली, धुम्मसाने चोपून घेतली, एक पावसाळा तशीच बसू दिली आणि मग पाया खणला. मूळ घराचे जोते घडीव काळ्या दगडांचे आहे. थर सरळ, दर्जा चुन्याने भरलेल्या, कोपऱ्याचे दगड तर ओळंब्याला लाजवतील असे.

उत्तरेकडची खोली मात्र माझ्या वडिलांनी १९५२ साली वाढवली. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. त्या खोलीचे जोतेही वरून पाहता मूळ घराशी जुळणारे आहे. दीड फूट उंचीचे घडीव दगड वडिलांनी खाणीतून आणवले होते. त्याच्या खाली काय आहे हे पाहण्याचा प्रसंग त्रेपन्न वर्षे कोणावर आला नाही. पाया जमिनीत असतो आणि जमिनीत काय आहे याची चौकशी करण्याची गरज कोणाला पडत नाही.

२६ जुलै २००५ रोजी ती गरज पडली. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. आमच्याकडे पर्जन्यमापक नव्हता. आमचे माप म्हणजे ओटीची पायरी. संध्याकाळी पहिली पायरी गेली, रात्री दुसरी. आईला आम्ही पलंगासकट माजघरात आणून ठेवले आणि ती रात्रभर माळ ओढत बसली. पाणी घरात शिरले नाही. तिसऱ्या दिवशी ते ओसरले तेव्हा अंगणाच्या उत्तरेकडची वीस फूट लांबीची पट्टी जागेवर नव्हती. आजोबांनी बावखलातून घेतलेली माती बावखलाने परत नेली होती. घडीव जोत्याच्या खाली अडीच फूट पाया उघडा पडला होता.

गवंडीकाकांना बोलावले. त्यांनी ओळंबा सोडला, पहारीने ठोकून पाहिले, भिंतीच्या चारी कोपऱ्यांना हात फिरवला आणि म्हणाले, “पाया उघडा पडलाय, हलला नाही. अजून तीन फूट खाली आहे. भर घालून घ्या आणि काठ बांधून काढा.” त्यांनी खर्चाचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी ‘बघू’ म्हटले. माझ्या निवृत्तीला तीन वर्षे उरली होती आणि मुलीचे लग्न डोळ्यांसमोर होते.

तो पाया दिसायला कसा होता हे सांगायला हवे, नाहीतर पुढचे काहीच कळणार नाही. वरचे जोते म्हणजे इस्त्रीचा सदरा आणि खालचा पाया म्हणजे फाटके बनियन. एक दगड काळा, एक तांबूस, एक समुद्रावरच्यासारखा गुळगुळीत. मध्येच विटांचे तुकडे. कुठे चुना ओघळून गोळा झालेला, कुठे चुनाच नाही, नुसती चिखलाची भर. आणि बरोबर मधोमध अर्धे जाते: त्याचे ते अर्धे भोक आणि झिजलेल्या टाक्यांच्या रेषा रस्त्यावरूनही दिसत. हो, रस्ता! आमच्या दुर्दैवाने चर्चकडे जाणारी वाट त्याच बाजूने जाते. रविवारच्या तिन्ही मिस्सांना जाणारी माणसे आमच्या पायाचे दर्शन घेऊनच पुढे जात.

शेजारचे काका त्या वेळी पंचाहत्तरीला आलेले. त्यांनी एकदा कुंपणापाशी थांबून, चार माणसांदेखत विचारले, “काय मास्तर, घराचं धोतर वर गेलं की काय?” सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येऊन बायकोला म्हणालो, की या माणसाला बोलायचे ताळतंत्र नाही. त्या वर्षी नाताळाच्या फराळाचे ताट त्यांच्याकडे मी स्वतः नेले नाही, मुलाच्या हाती पाठवले. शाळेत तीस-बत्तीस वर्षे पोरांना क्षमेचे धडे शिकवणाऱ्या माणसाची ही गोष्ट आहे, हे मी लपवत नाही.

इथे काही वाचकांना खडकावर घर बांधणाऱ्या शहाण्या माणसाचा दाखला आठवला असेल. मलाही तो सारखा आठवे आणि प्रत्येक वेळी मला आजोबांचा पुळका येई. त्यांनी खडक कुठून आणायचा? आमच्या वाडीत खणले की वाळूमिश्रित माती लागते आणि आणखी खणले की पाणी लागते. वसईच्या किनारपट्टीवरचा माणूस वाळूवरच घर बांधतो आणि शहाणपण दाखवायचे ते पायाच्या खोलीत दाखवतो.

माझी मोठी बहीण लग्नानंतर कॅनडाला गेली, टोरांटोजवळ राहते. २००६ च्या उन्हाळ्यात ती आली तेव्हा तिने फोटोंचा आल्बम आणला. तिच्या घराच्या भिंतीलगत हिरवीगार झुडपे एका ओळीत, पुढे फुलझाडे, त्यापुढे हिरवळ. मी कौतुक केले तर ती म्हणाली, “अरे, ती शोभा नाही, ते पांघरूण आहे. आमच्याकडे थंडीत जमीन चार चार फूट गोठते, म्हणून पाया त्याच्याही खाली न्यावा लागतो. त्यात तळघर असतं. काँक्रीटची ती भिंत जमिनीच्या वर थोडी उघडी राहते आणि दिसते भिकार. म्हणून प्रत्येक घरापुढे झाडांची रांग.”

मला जणू साक्षात्कार झाला. काठ बांधायला लागणाऱ्या पैशांच्या चौथ्या हिश्शात सगळा पाया झाकून टाकता येईल! जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तीन ब्रास लाल माती मागवली. गवंडीकाकांना विचारले नाही. विचारले असते तर त्यांनी काहीतरी खर्च सुचवला असता. दोन मजुरांना घेऊन मी पायाला माती लावू लागलो. पाया झाकला, पण झाडे खड्ड्यात लावल्यासारखी दिसतील असे वाटले, म्हणून आणखी माती घातली. जोत्याचे घडीव दगडही शेवाळाने हिरवे-काळे झाले होते; मग तेही झाकले. शेवटी मातीचा उतार खिडकीच्या खालून निघून सरळ बावखलाकडे जाईल असा केला, तेव्हा माती जोत्याच्या वर, विटांच्या भिंतीला चार बोटे टेकली होती. त्या जागी भिंतीचा चुन्याचा गिलावा फुटला होता, तो काढून मी सिमेंटचा गिलावा करून घेतला. कसे पक्के काम झाले असे मला वाटले.

ती खोली आईची होती. उत्तरेकडची म्हणून थंड, आणि खिडकीतून चर्चला जाणारी माणसे दिसतात म्हणून तिने ती कधी सोडली नाही. एकोणऐंशी वर्षांची आई खिडकीच्या गजांना धरून माझे काम पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “माती जोत्याच्या वर नेऊ नकोस हो. पावसात भिंत पाणी पिते.”

मी म्हणालो, “आई, बाहेरून सिमेंट लावलंय. आता पाणी कुठून पिणार?”

ती आत गेली.

झाडांची निवड मी मन लावून केली होती. भिंतीलगत क्रोटन, कारण ते बारमाही रंग देते आणि फार मागत नाही. मधल्या रांगेत कर्दळ, लाल आणि पिवळी. कोपऱ्यात अनंत आणि तगर. उताराच्या पायथ्याशी ओलाव्यावर प्रेम करणारा सोनटक्का, आणि कडेला अबोली व पावसाळी लिली. निम्मी झाडे नर्सरीतून आणली, निम्मी वाडीतून मिळाली. आपल्याकडे फांदी मागायला कोणी लाजत नाही. ‘चोरून आणलेलं झाड लवकर लागतं’ अशी वर मल्लिनाथीही करतात. भाद्रपदात सोनटक्का फुलला तेव्हा त्याचा वास चर्चच्या वाटेवर जाऊ लागला. माणसे थांबून पाहू लागली. फादर एकदा मुद्दाम अंगणात आले आणि म्हणाले, की चर्चच्या मागच्या भिंतीसाठीही असेच काही करता येईल का. मी किती फुललो असेन याची कल्पना करा.

जानेवारी २००७ मध्ये मुलीचे लग्न झाले. मांडव त्याच अंगणात घातला. नवरा-नवरीचा, दोन्ही घरच्या मंडळींचा, सगळा फोटो त्या झाडांपुढे आहे. फोटोत आई मधोमध खुर्चीवर बसली आहे, मोतिया रंगाचे लुगडे नेसून, आणि तिच्या मागे लाल कर्दळीचा ताटवा. त्या फोटोत ज्याला मागचे ठाऊक नाही, त्याला आमचे घर बागेतून उगवल्यासारखे वाटेल.

पुढचा पावसाळा आला. आईच्या खोलीत कुबट वास येऊ लागला. भिंतीचा रंग जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत फुगला, पोपडे धरले, आणि पोपड्यांखाली पांढरी बुरशीसारखी भुकटी दिसू लागली. जुनी माणसे त्याला लोणा म्हणतात. मातीतले क्षार पाण्याबरोबर भिंतीत चढतात, पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. विटेचा मग हळूहळू भुगा होतो. हे मी आज सांगतो आहे, त्या वेळी मी फक्त खरवडले आणि हिवाळ्यात आतून तेलाचा रंग दिला. म्हणजे बाहेरून सिमेंटने आणि आतून तेलाने मी भिंतीची दोन्ही तोंडे बंद केली. चुन्यात बांधलेली भिंत श्वास घेते. पाणी पिते तसे ते सोडूनही देते. तिला सोडायला जागा राहिली नाही, तेव्हा पाणी वर चढू लागले. विटेची बारीक छिद्रे दिव्याच्या वातीसारखी काम करतात. वातीला तेल वर न्यायला कोणी सांगावे लागत नाही.

२००८ च्या मे महिन्यात मी निवृत्त झालो आणि पावसाळ्यात आईला खोकला जडला. वय झाले, आम्ही म्हणालो. काढा झाला, मलमे झाली. मी तिला माजघरात झोपायला सांगितले, ती नको म्हणाली. ऑगस्टच्या मध्यावर एका रात्री तिला श्वास घेता येईना. न्यूमोनिया निघाला. नऊ दिवस ती इस्पितळात होती, पहिले तीन दिवस ऑक्सिजनवर. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारले, “त्या झोपतात त्या खोलीत ओल आहे का?” मी म्हणालो, “थोडी होती. रंग दिलाय.”

चौथ्या दिवशी तिचे कपडे न्यायला मी घरी आलो. तिच्या खोलीतल्या कॅलेंडरवर कुठली तरी तारीख पाहायची होती. धर्मग्रामाचे ते मोठे कॅलेंडर नेहमी दाराशेजारी, डोळ्यांच्या उंचीवर असे. ते तिथे नव्हते. ते पलंगाच्या पलीकडे, उत्तरेच्या भिंतीवर, जमिनीपासून दीड-दोन हातांवर टांगले होते. इतक्या खाली कॅलेंडर कोण लावतो? मी वाकून ते उचलले. मागे भिंत काळी पडली होती आणि त्या काळ्यातून वाळवीच्या मातीच्या नळ्या बोटभर जाडीने वर चढल्या होत्या. शेजारी जुनी चादर दोरीवर पडद्यासारखी सोडली होती. तिच्या मागेही तेच. तिची लाकडी पेटी भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणलेली होती. एकाऐंशी वर्षांच्या बाईने ती एकटीने कशी ओढली असेल कोण जाणे. पेटी उघडली. तळाची लुगडी वाळवीने खाल्ली होती. सगळ्यात खाली तिचे लग्नाचे लुगडे होते. त्याची घडी उचलली तेव्हा हातात काठ आला, मधले आले नाही.

मी तिथेच पलंगावर बसलो.

तिने हे मला का सांगितले नाही, हे मी तिला पुढे विचारले. तिने उत्तर द्यायचे टाळले. सुनेला मात्र ती म्हणाली होती, “त्याची बाग सगळ्यांना आवडते. लग्नाच्या फोटोतपण छान आलीय. उगाच कशाला?”

नोव्हेंबरमध्ये पाऊस पूर्ण गेल्यावर मी गवंडीकाकांच्या मुलाला बोलावले. काका स्वतः आता चढउतार करीत नसत, पण खुर्ची टाकून समोर बसले. आईही शाल गुंडाळून त्यांच्या शेजारी बसली. झाडे मुळांसकट काढून कडेला केली. क्रोटनची मुळे जोत्याच्या दर्जांत शिरली होती. एका दर्जेत तर पक्ष्याने टाकलेल्या बीचा पिंपळ बोटभर वाढला होता. झाडी नसती तर तो कधीच दिसला असता आणि उपटला गेला असता. काकांनी त्याच्याकडे बोट दाखवून सांगितले, की ही आणखी पाच वर्षांनी भिंत फोडणारी पाहुणी. मग माती काढली आणि पाया पुन्हा उन्हात आला.

आई म्हणाली, “ते जातं तुझ्या आजीचं. मधून तडकलं म्हणून रडत होती. तुझे बाबा म्हणाले, रडू नकोस, पायात घालू, म्हणजे घरातच राहील.”

मग तिने एकेक दगड सांगायला सुरुवात केली. वडिलांनी घडीव दगड जोत्यापुरते विकत घेतले आणि पैसे तिथेच संपले. पायाला दगड नव्हता. त्या वर्षी केळीला भाव नव्हता असे ती म्हणाली. मग वाडीतल्या माणसांनी ज्याच्याकडे जे होते ते आणून टाकले. कोणाची पडवी मोडली होती, तिथल्या विटा आल्या. गुळगुळीत दगड खाडीवरून कोणीतरी बैलगाडीत घालून आणले. घरची धुण्याची शिळाही गेली आणि वर्षभर आईने शेजारच्या विहिरीवर कपडे धुतले. चुना कमी पडला तिथे चिखल घातला. दिवसा वडील वाडीत असत. पाया रात्री कंदिलाच्या उजेडात भरला गेला आणि आईने डोक्यावरून घमेली वाहिली. “तू झोळीत होतास, त्या तिथे, शेवग्याला बांधलेली,” असे म्हणून तिने शेवगा जिथे होता ती जागा दाखवली. आज तिथे मोटारसायकल उभी असते.

एवढ्यात कुंपणापाशी शेजारचे काका उभे राहिले. नेहमीप्रमाणे काहीतरी बोलतील म्हणून मी मान वर केली नाही. ते फाटक उघडून आत आले, चप्पल काढून खाली उतरले आणि ईशान्येच्या कोपऱ्याच्या मोठ्या दगडावर त्यांनी तळहात ठेवला. तसे तीन दगड तिथे एकावर एक आहेत, अर्धगोल कापलेले. पायात असे गोलाई असलेले दगड का, हे मला कधी कळले नव्हते.

“हे आमच्या विहिरीचे,” ते म्हणाले. “जुना कठडा बाबांनी काढला तेव्हा मी गाडी हाकत आणले. बावीस-तेवीस वर्षांचा असेन.” मग आईकडे वळून, “तू भाकर आणि सुक्या बोंबलाची चटणी दिली होतीस.”

“तुला अजून भूकच आठवते,” आई म्हणाली.

त्या नाताळात फराळाचे ताट मी स्वतः नेले. दाराशी मला पाहून ते म्हणाले, “आज मास्तर स्वतः? धोतर खाली आलं वाटतं!” यावरही सगळे हसले.

काम कसे केले हे थोडक्यात लिहितो, कारण वाडीतल्या जुन्या घरांत राहणाऱ्या कोणाला उपयोगी पडेल. सिमेंटचा गिलावा आणि तेलाचा रंग खरवडून काढला, भिंत चार महिने नुसती उन्हावाऱ्याला ठेवली आणि मग चुन्याचा गिलावा केला. दर्जा साफ करून चुन्याने भरल्या. वाळवीचे औषध मातीत आणि जोत्यालगत सोडले. काठावर दगडांचा बांध घातला. ज्या खर्चाला मी भ्यालो होतो तो शेवटी केलाच, शिवाय इस्पितळाचा आणि रंगाचा वेगळा. बांधाच्या कडेला वाळा लावला. त्याची मुळे आडवी न पसरता सरळ खाली सात-आठ फूट जातात आणि माती धरून ठेवतात. मग भर घातली, पण फक्त पायापुरती. जोते सगळे मोकळे. घराच्या भोवतालच्या जमिनीपासून जोते किमान ४५ सेंटिमीटर वर असावे असा आता बांधकामाचा लिखित नियमच आहे. आजोबांचा दीड फूट म्हणजे तेवढाच की हो! मातीला घरापासून दूर जाणारा उतार दिला, दहा फुटांत सहा इंच. भिंतीलगत दोन फूट रुंदीची पट्टी खडीची केली, म्हणजे पागोळ्यांचे पाणी चिखल उडवत नाही आणि वाळवी चढू लागली तर दिसते. झाडे त्या पट्टीच्या बाहेर आली. क्रोटन, कर्दळ, अनंत तेच. सोनटक्का मात्र पार बांधापाशी नेला, तो तिथे जास्त सुखात आहे.

पुढे २०११ साली मी बहिणीकडे गेलो तेव्हा पहिल्याच सकाळी तिच्या झुडपांत गुडघे टेकून बसलो. मेव्हण्यांना वाटले, माझे काही हरवले. झुडपे भिंतीला चिकटलेली नव्हती; मागे माणूस आडवा जाईल एवढी जागा होती. आणि मातीच्या वर, विटा सुरू होण्याआधी, काँक्रीटची वीतभर पट्टी सगळीकडे मुद्दाम उघडी ठेवली होती. रस्त्यावरून ती दिसत नव्हती, फोटोत तर नाहीच नाही. मेव्हणे म्हणाले, की इथे घर विकत घेताना तपासणारा माणूस पहिल्यांदा ती पट्टीच शोधतो.

एक गोष्ट राहिली. भर घालायला सुरुवात केली तेव्हा माझ्या मनात एक नवी कल्पना आली होती. ते अर्धे जाते आणि विहिरीचे तीन दगड यांच्यापुढची जागा मोकळी सोडावी, छान धुऊन घ्यावे, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवावे, नातवंडांना गोष्ट सांगावी. मी ते आईला मोठ्या हौसेने सांगितले. मला वाटले तिचे डोळे भरून येतील.

ती म्हणाली, “झाक ते. पायाचे दगड बघायला नसतात, उघडे ठेवलेस तर पुन्हा माती जाईल.” आणि मग पुन्हा, मी शाळकरी पोर असल्यासारखे, “फक्त जोत्याच्या वर नेऊ नकोस.”

मी झाकले. त्यानंतरचे सहा पावसाळे आई त्याच खोलीत राहिली. तिचा खोकला पूर्ण गेला असे म्हणता येणार नाही. एकदा दुखावलेली छाती त्या वयात पहिल्यासारखी होत नाही आणि त्याचा हिशेब माझ्याकडेच आहे. २०१४ च्या डिसेंबरात, आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यात, ती खिडकीजवळच्या पलंगावर गेली. शेजारचे काका तिच्याआधी वर्षभर गेले होते.

जुलै २०१८ मध्ये वसईत पुन्हा पाणी भरले. या वेळी पाऊस २००५ इतका नव्हता, पण पाण्याला जायला जागा राहिली नव्हती. आमच्या भागातली किती बावखले बुजली याची मोजदाद कोणी ठेवत नाही, आणि रस्ते दरवर्षी डांबराचा एकेक थर घालून इतके उंच झाले आहेत, की जुन्या घरांची जोती आता रस्त्याच्या खाली गेली आहेत. अंगणात कंबरभर पाणी तीन दिवस उभे होते. ओसरल्यावर पाहिले तर कर्दळ आडवी, अबोली गायब, खडी बावखलात. बांध टिकला होता, वाळाही. एका ठिकाणी मात्र, जिथून पाणी वेगाने वळले, तिथली भर खचली होती आणि त्या खाचेतून अर्धे जाते बाहेर डोकावत होते.

मुलीचा मुलगा त्या वेळी नऊ वर्षांचा, सुट्टी जाहीर झाली म्हणून आमच्याकडे होता. तो म्हणाला, “आजोबा, हे काय आहे?” मी त्याला सांगितले. त्याने जात्याच्या भोकात हात घालून पाहिला, आत काही आहे का म्हणून. काही नव्हते. मग त्याने घमेले घेतले आणि मी फावडे. चार-पाच घमेली माती पडल्यावर जाते झाकले गेले. त्याला मजा वाटत होती, तो भरतच राहिला, आणि माती जोत्याच्या पहिल्या घडीव दगडाला टेकली तेव्हा त्याने विचारले, “आणखी घालू?”

“नको,” मी म्हणालो. “त्यातली चार बोटं काढून घे.”